फोटोत कोण बसणार?

तारीख, कार्यालय आणि आचारी ठरला की आमच्या लोणी देवकरात पूर्वी निम्मं लग्न उरकायचं. आता त्यात फोटोवाला आलाय, आणि तो येतानाच विचारतो, "कँडिड करायचं का ट्रॅडिशनल?" ट्रॅडिशनल म्हणजे स्टेजवर ओळीनं उभं राहून कॅमेऱ्याकडं बघून काढलेला फोटो. कँडिड म्हणजे माणसाला कळू न देता टिपलेला.

यावरनं घराघरात दोन तट पडतात. माझी पुतणी म्हणते, "काका, तीन तास पुतळ्यागत उभं राहायचं, ओळख ना पाळख असल्या माणसांबरोबर हसायचं. त्यात माझं लग्न कुठं दिसणार?" तिचा बाप म्हणतो, "पाव्हणा ऊसतोड टाकून येतो. त्याचा फोटो निघाला नाही तर तो आला कशाला?" मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच निवाडा अवघड वाटतो.

रोलच्या काळात हा प्रश्नच नव्हता. एका रोलमध्ये ३६ फोटो, फार तर दोन रोल. कुणाला घ्यायचं हे कर्त्या माणसाला आधीच ठरवावं लागायचं. खुर्च्यांवर म्हातारी माणसं, मागं जावई नि भाऊ, पुढं सतरंजीवर पोरं. सगळे ताठ, कुणी हसत नाही. असला फोटो खोटा, असं आता पोरं म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या माणसांना आयुष्यात दोन-चारदाच कॅमेरा दिसायचा. ताठ बसून त्यांनी त्या क्षणाला मान दिलेला असायचा.

आणि त्या फोटोचं पुढं काय व्हायचं ते बघा. आमच्याकडच्या भिंतींवर हार घातलेले जे फोटो आहेत, त्यातले कितीतरी कुणाच्या तरी लग्नातनं कापून काढलेले आहेत. म्हातारं माणूस मुद्दाम फोटो काढायला स्टुडिओची पायरी चढलेलं नसायचं. ते गेलं की अल्बम उघडायचा, शेजारच्याचा खांदा कापायचा आणि चेहरा मोठा करून आणायचा. नीट बघितलं तर फ्रेमच्या कडेला दुसऱ्याच कुणाच्या फेट्याचा शेमला राहिलेला दिसतो. लग्नाचा फोटो नवरा-नवरीचा असतोच. पण पुढच्या लग्नाला जे माणूस असणार नाही, त्याचाही तो असतो.

उजनीनं आमच्या भागाला हे आणखी कडक शिकवलं. धरण १९८० साली पुरं झालं आणि शेजारचं जुनं पळसदेव पाण्यात गेलं. त्याआधीच्या लग्नाचा फोटो ज्या घरात राहिला असेल, त्यात नवरीच्या मागं आलेली भिंत, कोनाडा, दाराची चौकट आता दुसरीकडं कुठं बघायला मिळायची नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक कॅमेरे घेऊन जातात. पण त्या दगडांच्या हजार फोटोंत, जगतं गाव मागं सहज आलेला तो एक फोटो नसतो.

एवढ्यावरनं ट्रॅडिशनलच बरं, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण जुन्या अल्बमात कोण नाही, तेही बघायला पाहिजे. पुऱ्या लाटणाऱ्या बाया नाहीत. पत्रावळ्या उचलणारी पोरं नाहीत. आणि विधवा नाही. "सवाष्णींनी पुढं या" म्हटलं की ती आपणहून मांडवाच्या खांबामागं सरकायची. जिनं नवरीला न्हाऊमाखू घालून वाढवली ती चुलतीसुद्धा! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं उदाहरण घ्यायला सांगितलं. ठराव कागदावर आला, पण हळदीच्या वेळी खांबामागची जागा अजून रिकामी झालेली नाही.

कँडिडवाला त्या खांबामागं जातो, हा त्याचा मोठा गुण. बाईच्या डोळ्याला पदर लागलेला तो नेमका टिपतो. पण पुढं त्याला संथ गाणं लावतो, आणि दुसऱ्या दिवशी ते डोळे गावभर स्टेटसला फिरतात. तिला ह्यातलं काही माहीत नसतं. तिचं रडणं तिचं होतं. ते दुसऱ्याच्या लग्नाची शोभा झालं. ट्रॅडिशनलमध्ये तिला बोलवत नाहीत, आणि कँडिडमध्ये तिला विचारत नाहीत. दोन्हीकडं तिचं मन कुणी जमेस धरत नाही.

म्हणून मला वाटतं, फोटोवाल्याचा प्रश्न दुसरा आहे आणि घरच्यांचा प्रश्न पहिला. कॅमेरा कुणाकडं बघणार, हे घरानं ठरवायचं असतं. पत्रिकेवर नावं घालताना आपण रात्र रात्र वाद घालतो. कुणाचं नाव राहिलं तर पाव्हणा रुसतो. तशीच एक यादी फोटोवाल्याच्या हातात द्यावी. थोरली माणसं, मांडवात राबणारी माणसं, खांबामागची माणसं. त्यांना नावानं हाक मारून खुर्चीवर बसवावं, आणि कुणी नको म्हटलं तर तिचं नको म्हणणंही मानावं. मग उरलेला दिवस पोरीला कँडिडवाल्यासंगं खुशाल हसू द्यावं.

हे आजच करायला पाहिजे, कारण आता फोटो हजारानं निघतात आणि पेनड्राइव्हमध्ये पडून राहतात. उद्या घरात कुणी गेलं, तर माणसं रात्री मोबाइल चाळत बसतील. नवरीच्या झुमक्याचे चाळीस फोटो सापडतील, आणि मागं कुठंतरी धूसर झालेली म्हातारी. ती धूसर का झाली, हे तेव्हा कॅमेऱ्याला विचारून काय उपयोग?