उतरंड

बांधकामावर वाळू वाहणारे प्लास्टिकचे काळे घमेले कुणी निरखून पाहत नाही. ते गंजत नाही, डोक्यावर हलके लागते, आपटले तर वाकते आणि पुन्हा जागेवर येते. ते काळेच का, याचे उत्तर भंगारात आहे. लाल बादली, निळा ड्रम, हिरवी खुर्ची एकत्र वितळली की मळकट, नाव न देता येणारा रंग येतो. तो झाकायला काळ्याइतका सोयीचा रंग नाही. कचऱ्याची पिशवी, स्वस्तातली कुंडी काळी असते तीही बहुधा याचमुळे. जुन्या बाटल्यांपासून केलेली झोळी आज ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावून महाग विकली जाते. घमेल्याने तेच काम वर्षानुवर्षे चिठ्ठीविना केले.

टाकाऊतून टिकाऊ करणे आपल्याला कुणी शिकवावे लागले नाही. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की पायपुसणे, तेही झिजले की पोतेरे. माजघरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखी ही वस्तूंचीही उतरंडच. फक्त इथे वरून खाली यायचे. प्रत्येक वस्तूची पुढची पायरी घरातल्या बाईला ठाऊक असे, आणि सर्वांत खालची पायरी होती माती.

प्लास्टिकचा पुनर्वापर म्हणजे पुनर्जन्म, असे आपण समजतो. खरे तर तीही उतरंडच आहे. प्लास्टिक वितळवताना त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि माल दर खेपेला थोडा कमजोर होतो. म्हणून त्यात बऱ्याचदा कोरा माल मिसळावा लागतो. पाण्याच्या बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, पण बहुतेकदा होतो तो धागा. त्याचा शर्ट शिवतात, तो उशीत भरतात. त्या शर्टाचा पुन्हा शर्ट क्वचितच होतो आणि दर धुण्याला त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. लुगड्याची उतरंड मातीत संपायची. ही कुठे संपते?

पायऱ्या वाढवणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्या वाढतात निवडण्याने. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये कारागीर तुकडा टिचकी मारून ऐकतो, वाकवून पाहतो, जाळून वास घेतो आणि प्लास्टिकचा प्रकार सांगतो. डब्यांचे प्लास्टिक पाण्यावर तरंगते, बाटलीचे बुडते. दोन्ही एकत्र वितळले तर धड काहीच होत नाही. निवडलेला माल दळायचा, धुवायचा, पत्र्यांवर वाळवायचा, वितळवून त्याच्या तारा काढायच्या आणि त्या कापून दाणा करायचा. दाणा झाला की अर्धे काम झाले. घमेले, बादली, खुर्चीचा पाय हे सगळे त्यानंतरचे.

पुण्यात कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावात प्लास्टिक नाही. तिच्यातूनच 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. तिच्या सभासद दारोदार कचरा घेतात, तेव्हा प्लास्टिक हाताळल्याशिवाय त्यांचा एक दिवस जात नसेल. पंधरा वर्षांत कचरा बदलला. वेचणारे हात तेच राहिले, आणि शर्टावरच्या चिठ्ठीवर त्या हातांचा उल्लेख नसतो.

काही वस्तू तर या हातांनाही हरवतात. वेफरच्या पाकिटात प्लास्टिक आणि चकचकीत धातू असे थर चिकटलेले असतात. ते सहजासहजी सुटत नाहीत, म्हणून पाकिटाला भावही नाही. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. प्लास्टिकचे तुकडे तापलेल्या खडीवर पसरले की खडीला त्याचा पातळ लेप बसतो आणि डांबर तिला घट्ट धरते. अशा रस्त्याला पाकिटाचे थर सोडवण्याची गरज नसते. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. युक्ती अस्सल आहे, पण तिच्या भरवशावर पाकिटे काढत राहणे परवडणारे नाही. रस्ताही झिजतोच, आणि त्याच्या खाली पायरी नाही.

म्हणून ‘यापासून काय बनवता येईल?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘त्याचे पुढे काय?’ हेही विचारावे लागते. वीस वर्षे ऊन-पाऊस खाणारा बागेतला बाक या कसोटीला उतरतो. चार दिवस मिरवून हरवणारी किल्लीची साखळी उतरत नाही, मग ती कितीही सागरी कचऱ्याची असो.

दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, गठ्ठा करून भंगारवाल्यासाठी ठेवणारी घरे अजून आहेत. पिशवी स्वच्छ आणि एकाच प्रकारची असल्याने तिला भाव मिळतो. पण पिशवीचा कोपरा कात्रीने उडवला की तो इवलासा त्रिकोण ओट्यावरून मोरीत आणि मोरीतून गटारात जातो. तो वेचायला कुणाचीही बोटे पुरत नाहीत. कोपरा पूर्ण न कापता पिशवीला लटकताच ठेवला, तर तो तुकडाही उतरंडीला लागतो. कात्री हातात असते त्या क्षणी हे आठवायला हवे.