इंडोसूकस आणि अनुमानाचे प्रामाण्य

इंडोसूकस हा क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूखंडावर वावरणारा मांसाहारी डायनासोर होय. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवरील लमेटा नावाच्या खडकथरांतून भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटली यांनी १९१७ ते १९१९ या काळात त्याचे अवशेष गोळा केले. १९३३ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी त्याला नाव दिले, ते कवटीच्या माथ्याच्या मोजक्या तुकड्यांवरून. कोणी न पाहिलेला आणि अखंड सांगाडाही मागे न ठेवलेला प्राणी ‘होता’, हे ज्ञान कोणत्या प्रमाणावर, म्हणजे ज्ञानाच्या साधनावर, उभे आहे?

न्यायदर्शनात अशा प्रमाणाला शेषवत् अनुमान म्हणतात: कार्यावरून कारण ओळखणे. नदीच्या पुरावरून वरच्या अंगाला पाऊस झाल्याचे कळते, हे त्याचे जुने उदाहरण. यावरचा आक्षेप न्यायसूत्रांतच आहे: पाणी अडवल्यानेही नदी फुगते. भाष्यकार वात्स्यायनाचे उत्तर असे की, नुसते फुगलेले पाणी हा हेतूच, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूणच, नव्हे. प्रवाहाची ओढ, दाट फेस, वाहून येणारी फळे, पाने, लाकडे या खुणांसह आलेले पाणी हाच पावसाच्या अनुमानाचा हेतू.

हाडांनाही हाच नियम लागू पडतो. मादागास्करमध्ये मिळालेला कवटीचा जाड घुमट १९७९ मध्ये शाकाहारी पॅकिसेफॅलोसॉर गटातल्या प्राण्याचा मानला गेला. १९९६ मध्ये त्याच बेटावर सुस्थितीतली कवटी सापडली आणि तो घुमट अबेलिसॉरिड कुळातल्या माजुंगासॉरस या मांसाहारी डायनासोरचा ठरला. घुमट दोन्ही गटांत आढळतो; म्हणून तो सव्यभिचार हेतू, म्हणजेच एक हेत्वाभास (फसवा हेतू) होता. इंडोसूकसलाही पूर्वी टायरॅनोसॉरांच्या कुळात बसवले गेले होते. १९८५ मध्ये अर्जेंटिनातील अबेलिसॉरसचे वर्णन झाले, त्यानंतर इंडोसूकसचे खरे नाते दक्षिणेकडील खंडांतल्या अबेलिसॉरिडांशी जुळले.

व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य (जे सिद्ध करायचे ते) यांचा नित्य संबंध, सर्व देशकाळांत पडताळता येत नाही, म्हणून अनुमान प्रमाणच नव्हे, असे चार्वाक म्हणतात. पण वरील चुका प्रत्यक्षाने दुरुस्त झालेल्या नाहीत. सुस्थितीतल्या कवटीतही जिवंत प्राणी दिसत नाही. करवती कडांच्या दातांवरून तो मांस खात होता, हेही अनुमानच. एका अनुमानातला दोष अधिक खुणा असलेल्या दुसऱ्या अनुमानाने दाखवला. अनुमान सोडले, तर आधीचा निष्कर्ष चुकला होता, हे म्हणण्याचाही आधार उरत नाही.

यातून जाणणाऱ्यावर एक कर्तव्य येते: हेतू पुरेल तेवढेच साध्य मांडणे. इतर खुणांची जोड मिळाली, तर माथ्याचे हाड प्राण्याचे कूळ सांगते. त्याचा रंग किंवा शिकारीची रीत सांगत नाही. ही मर्यादा पाळली, तर तुकड्यावरून मिळालेले ज्ञान अपुरे असूनही यथार्थ असते.