न झालेल्या भूकंपांची वही

वराहमिहिराला या वादात ओढायची माझी इच्छा नव्हती. पण अलीकडे एका विद्वान गृहस्थांनी भर सभेत ठणकावून सांगितलं, की भूकंपाआधी आकाशातली वीज बदलते हे पाश्चात्त्यांना आज उमगतंय, आमच्या ‘बृहत्संहिते’त ते दीड हजार वर्षांपूर्वीच लिहिलेलं आहे. टाळ्या पडल्या. तो बत्तिसावा अध्याय टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितींनी उघडला असेल, कोण जाणे. वराहमिहिर भूकंपांचे चार गट पाडतो: वायूचा, अग्नीचा, इंद्राचा आणि वरुणाचा. प्रत्येकाच्या वाट्याला सात नक्षत्रं, आणि प्रत्येकाची लक्षणं आठवडाभर आधी दिसणार. कुठे धुळीचा वारा, कुठे पेटल्यासारखं आकाश, कुठे विजांनी भरलेले डोंगराएवढे ढग, कुठे पाऊस. चार साते अठ्ठावीस, म्हणजे एकही नक्षत्र सुटत नाही आणि सहसा आकाशही सुटत नाही. ज्या पंचांगात रोजच मुहूर्त असतो त्यावरून लग्नाची तारीख कशी काढायची? वराहमिहिराला मी दोष देत नाही. पूर्वसुरींचं म्हणणं त्यानं नीट संकलित केलं. सभेतल्या गृहस्थांना ही सवलत नाही.

आता त्यांचा आधुनिक मुद्दा. निरभ्र दिवशी जमिनीलगत मीटरमागे शंभर-दीडशे व्होल्टचं विद्युतक्षेत्र असतं. जगभरची गडगडाटी वादळं पृथ्वी आणि वरच्या आयनांबरात जो सुमारे अडीच लाख व्होल्टचा फरक टिकवून ठेवतात, त्याचा हा परिणाम. ताण आलेल्या खडकाला बारीक भेगा पडतात, त्यातून रेडॉन वायू बाहेर येतो, त्याच्या किरणोत्सारानं हवेत आयन वाढतात, हवा जरा जास्त वीजवाहक होते आणि हे क्षेत्र घटतं. संशोधक फ्रीडेमान फ्रॉइंड तर सांगतात, की नुसता दाब पडला तरी अग्निजन्य खडकात धनभार मोकळे होऊन वाहू लागतात. यात भोंदूपणा काहीच नाही. पंचाईत अशी, की रेडॉन हवेचा दाब उतरला तरी वाढतो, जमीन ओली झाली तरी बदलतो. आणि माथ्यावर गडगडाटी ढग आला की तेच क्षेत्र उलटं होऊन हजारो व्होल्टवर जातं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. परतीच्या पावसाचे दिवस. त्या आठवड्यात मराठवाड्याच्या आकाशात वीज दिसली नसती, तर ती बातमी झाली असती.

या सगळ्या पंथाचं आद्य दैवत मात्र कॅलिफोर्नियातलं आहे, आणि माझा खरा जीव तिथेच अडकतो. अँटनी फ्रेझर-स्मिथ हे स्टॅनफर्डचे सरळ संशोधक. त्यांचं यंत्र कोरॅलिटोसला बसवलेलं होतं, तेही भूकंपासाठी नव्हे. अतिमंद कंपनांचा चुंबकीय गोंगाट मोजण्यासाठी. १७ ऑक्टोबर १९८९ ला लोमा प्रिएटाचा भूकंप झाला आणि त्याचं केंद्र निघालं या यंत्रापासून अवघ्या सात किलोमीटरवर. असं नशीब संशोधकाला जन्मात एकदा लाभतं. नोंदी तपासल्या तर भूकंपाआधी सुमारे दोन आठवडे पातळी चढलेली, आणि शेवटच्या तीन तासांत तर तिनं मोठी उडी मारलेली. पुढची वीस वर्षं हा आलेख प्रत्येक परिसंवादात फिरला. २००९ मध्ये थॉमस, लव्ह आणि जॉन्स्टन यांनी त्याच नोंदी दुसऱ्या केंद्रांच्या नोंदींशेजारी ठेवल्या. निष्कर्ष असा, की उडी जमिनीनं मारलेली नसावी, यंत्रातच बिघाड असावा. फ्रेझर-स्मिथ यांनी लबाडी केली नव्हती. एकच यंत्र, एकच भूकंप आणि तपासणी घटना घडून गेल्यावर, फसायला एवढं पुरेसं असतं. जपानच्या २०११ च्या महाभूकंपाआधी चाळीस मिनिटं आयनांबरातले इलेक्ट्रॉन वाढले, असं कोसुके हेकी यांनी मांडलं. टीकाकारांचं उत्तर असं, की भूकंपानंतर आयनांबरात खड्डा पडला, आणि खड्ड्याच्या काठावरून मोजलं की आधीचं सपाट मैदानही टेकडीसारखं दिसतं.

इथपर्यंत आमच्या विवेकवादी मित्रांनी माना डोलावल्या असतील. त्यांनी जरा थांबावं. १९९७ मध्ये रॉबर्ट गेलर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये भूकंपाचं भाकीत करताच येत नाही, असं मथळ्यातच जाहीर केलं, आणि आमच्याकडे त्याचा पुढे एक आळशी मंत्र झाला. भूकंपाच्या वेळी आकाशात उजेड दिसतो हेही एके काळी घाबरलेल्या माणसांचे भास म्हणून झटकलं जाई. जपानमध्ये मात्सुशिरोच्या साखळी भूकंपांत १९६० च्या दशकात त्याची छायाचित्रं मिळाली. फ्रान्सच्या डेमेटर उपग्रहाच्या नोंदींतही काही सापडलं: उथळ, मोठ्या भूकंपांआधी काही तास, रात्रीच्या वेळी, विशिष्ट कंपनांच्या रेडिओ लहरी किंचित क्षीण होतात. ते हजारो भूकंपांची सरासरी काढली तरच दिसतं, एकेका भूकंपात नाही. इशारा द्यायला निरुपयोगी, पण म्हणून शून्य नव्हे.

शिवाय ‘काही होणार नाही’ हेही भाकीतच असतं. इटलीत लाक्विला इथे २००९ मध्ये महिनोन्‌महिने धक्के बसत होते. रेडॉन मोजणाऱ्या एका तंत्रज्ञाचे इशारे अफवा ठरवले गेले. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक भरली. तेव्हाच्या मुलाखतीत एका अधिकाऱ्याला विचारलं, मग निवांत वाइन घ्यायची ना? त्यानं हो म्हटलं. ६ एप्रिलच्या रात्री तीनशेवर माणसं गेली. तंत्रज्ञाचं भाकीतही ठिकाण-वेळेला धरून नव्हतंच. २०१२ मध्ये न्यायालयानं तज्ज्ञांना शिक्षा ठोठावली, २०१४ मध्ये वरच्या न्यायालयानं शास्त्रज्ञांना सोडलं, अधिकाऱ्याची शिक्षा कमी केली. मला त्या खटल्यापेक्षा ते दिलासा देणं जास्त खुपतं. संकेत सिद्ध झालेला नाही एवढं म्हणण्याचा हक्क विज्ञानाला होता. झोपा म्हणण्याचा नव्हता.

म्हणून मला पूर्वसूचना देणारं यंत्र नको, वही हवी. आपल्याकडे तिची परंपरा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय नोंदी १९०४ मध्ये अलिबागला सुरू केल्या. इमारतीत लोखंड नको, दगडही चुंबकीय नको, एवढा सोवळेपणा. दोन्हीकडच्या नोंदी दोनेक वर्षं सोबत चालवल्या, मगच कुलाबा सोडला. दिवसेंदिवस, काही घडो न घडो, आकडे लिहीत राहायचे हा त्या माणसांचा धर्म होता.

आणि जागाही घरचीच आहे. १९६२ मध्ये कोयनेचं पाणी अडलं, ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला, आणि आजही साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या त्याच टापूत लहान धक्के बसत असतात. कराडच्या प्रयोगशाळेसाठी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवरही पाडून झालं आहे. जमिनीवर विद्युतक्षेत्र मोजणारी डझनभर यंत्रं त्याच्याभोवती बसवावीत, शेजारी पर्जन्यमापक आणि वायुभारमापक. संकेत दिसला की लखोटा बंद करून तारखेसह ठेवायचा, धक्का बसो वा न बसो. विद्वान गृहस्थांना त्यात जरूर घ्यावं. फक्त त्यांनी काम जूनपासून सुरू करावं. कोयनेचा पाऊस कसा असतो हे त्यांना ठाऊक असेलच.