पाणी मोजून प्यावे

नितळ दिसणारे पाणी सुरक्षित असतेच असे नाही, हे सिद्ध होऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाचे पाणी पिऊन शेकडो माणसे पटकीने दगावली. त्या पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून लांब राहणारेही ते मुद्दाम मागवून घेत. डॉ. जॉन स्नो यांनी कोण कुठे मेले याची नोंद केली, पंपाचा दांडा काढायला लावला आणि पुढे ती नोंद नकाशावर मांडली. तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख यांना पटकीचा जंतू पाण्यात सापडला तो आपल्याच देशात, कलकत्त्याच्या एका तळ्यात. त्या काळात आपली गावे काय करत होती? पटकी म्हणजे मरीआईचा कोप असे मानून देवीचा गाडा सजवायचा, वाजतगाजत शिवेबाहेर काढायचा आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून द्यायचा. रोगाचे कारण शोधायचे नाही आणि शेजारच्याचे काय होईल याचा विचारही करायचा नाही. त्या प्रथेत अज्ञान होते आणि निर्दयताही होती.

गाडे आता बंद झाले. पण ती विचारपद्धती गेली आहे का, हा प्रश्न पालघरजवळच्या सातपाटीसारख्या मच्छीमार गावाने स्वतःला विचारला पाहिजे. सातपाटीचेच नाव घेतो, कारण हे गाव अडाणी नाही. मच्छीमारांच्या सहकारी संस्था इथे रुजल्या. पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळावा म्हणून इथल्या मच्छीमारांनी मागणी लावून धरली आणि २०२३ मध्ये तो मिळवला. बंदरात पापलेट उतरले की एकेक मासा वजनाप्रमाणे वेगळा काढला जातो, आणि काही ग्रॅमच्या फरकाने त्याची प्रत व भाव बदलतो. तिथे कोणी 'नजरेने बरा वाटतो' म्हणून दर ठरवू देणार नाही. मग ज्या पाण्यावर घरातली लेकरे वाढतात, त्याला तरी निव्वळ नजरेचा निकष कसा पुरेल?

पालघर आणि परिसराची तहान मुख्यतः सूर्या नदी भागवते. धामणी धरणातून सुटलेले पाणी मासवणजवळ उचलून, शुद्ध करून नळयोजनेतून पुढे पाठवले जाते. शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते चांगले असले, तरी तेवढ्याने प्रश्न संपत नाही. समुद्रकाठचे गाव हे जलवाहिनीचे शेवटचे टोक असते. जंतू मारण्यासाठी मिसळलेला क्लोरीन वाटेत खर्च होत जातो. जिथे वाहिनी गटारातून जाते आणि सांधा फुटलेला असतो, तिथे पाणी बंद असताना बाहेरची घाण आत शिरते. म्हणून पाण्याची खरी परीक्षा केंद्रावर होत नाही. ती गावातल्या शेवटच्या घराच्या नळाला व्हायला हवी.

ही परीक्षा अवघड नाही. भारतीय मानक १०५०० सांगते की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही आढळता कामा नये आणि नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. तो आहे की नाही हे ओटी चाचणीने मिनिटभरात कळते. नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर तो नाही. जंतूंसाठी एचटूएस बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि एक-दोन दिवस ठेवायचे; पाणी काळे पडले की ते पिण्याजोगे नाही. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही हा निकाल वाचता येतो.

आता टाकीच्या खोलीत डोकावू. कोपऱ्यात टीसीएलचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचे, पोते असते, बहुधा तोंड उघडे टाकलेले. खाऱ्या, दमट हवेत या पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि मागे उरतो तो पांढरा चुना. पावडर चांगली असेल तर हजार लिटर स्वच्छ पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पुरते; मात्र पाणी सोडण्यापूर्वी किमान अर्धा तास थांबावे लागते. पोते महिनोन्‌महिने उघडे राहिले असेल तर ओंजळभर टाकूनही उपयोग नाही. रजिस्टरमध्ये 'टीसीएल टाकले' अशी सही होते, गाव निर्धास्त होते आणि जंतू जिवंत राहतात. कृती झाली, हेतू साधला नाही. कर्मकांड म्हणतात ते यालाच, मग ते मंदिरात होवो की पंचायतीच्या टाकीवर.

दूषित पाण्याने कावीळ येते तेव्हा तर आपली बुद्धी पुरतीच गहाण पडते. रोग्याच्या गळ्यात मुळ्या-काड्यांची माळ घातली जाते. दिवसागणिक ती लांबत जाते आणि लोक म्हणतात, कावीळ उतरली. काड्या ओल्या असताना त्यांच्याभोवती दोऱ्याचे फास घातलेले असतात. काड्या सुकून बारीक होतात, फास सैल पडतात आणि माळ लांबते. ती निरोगी माणसाच्या गळ्यात घातली तरी लांबेल, खुंटीला टांगली तरी लांबेल. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे जाहीरपणे करून दाखवले आहे. बहुतेक रोगी आपोआप बरे होतात, म्हणून माळेची प्रतिष्ठा टिकते. पण हिपॅटायटिस ई झालेल्या गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जिवाचा धोका असतो. माळ लांबण्याची वाट पाहण्यात तिचे मोलाचे दिवस जातात. २०१२ साली इचलकरंजीत कावीळ पसरली ती पाण्यातूनच, आणि तिने बळीही घेतले.

शिकलेल्यांनी या माळेला हसू नये; त्यांच्याही घरी एक चमत्कार झालेला असतो. आरओ यंत्राचा विक्रेता दोन पेले मांडतो, नळाच्या पाण्यात विजेच्या कांड्या बुडवतो आणि पाणी क्षणात तपकिरी होते. 'बघा, तुम्ही काय पिता!' घरातले हादरतात आणि हजारोंचे यंत्र घेतात. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडी कांडी झिजून गंज उतरतो. दुसऱ्या पेल्यातल्या पाण्यात क्षारच नसतात, म्हणून ते नितळ राहते. विक्रेत्याचे टीडीएस मीटरही फक्त विरघळलेले क्षार मोजते, त्याला एकही जंतू दिसत नाही. पाणी खारट असेल तिथे आरओ उपयोगी आहे हे खरे. पण यंत्र भीतीपोटी घ्यायचे की मोजणीवरून, हा प्रश्न उरतोच. थंडगार जारचेही तसेच: गारव्याने चव बदलते, जंतू मरत नाहीत.

यावर काही आक्षेप येतात, त्यांची उत्तरे दिली पाहिजेत.

पहिला आक्षेप असा: आमच्या आजी-पणजीने विहिरीचे पाणी प्यायले, त्यांना काय झाले? ज्यांना झाले, ते सांगायला राहिले नाहीत, हे याचे उत्तर. किती बाळंतपणे झाली आणि त्यातली किती मुले जगली, हे घरातल्या वृद्धेला विचारून पाहावे. जुन्या पाण्याचा हिशेब तिच्याकडे आहे.

दुसरा आक्षेप: पाण्याला औषधाचा वास येतो. येऊ द्या. प्रमाणात टाकलेल्या क्लोरीनचा मंद वास म्हणजे पाण्यात राखणदार शिल्लक असल्याची खूण. पाणी भांड्यात थोडा वेळ ठेवले की वास कमी होतो. वासाची तक्रार आली म्हणून पावडर टाकणेच थांबवणारा सरपंच लोकप्रिय होईल, पण तो गावाचे अहित करतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरदार: हे सरकारचे काम आहे. आहेच. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले. माणशी रोज ५५ लिटर, तेही गुणवत्तेचे पाणी, असे त्याचे वचन आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला मोठा बांधील वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला. त्याचा हिशेब मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण नळाला थेट मोटर कोण लावतो? त्या मोटरने वाहिनीतले पाणी ओढले जाते, दाब उणा होतो, फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत येते आणि ते शेजारच्या घरी जाते. मरीआईचा गाडा शेजारच्या शिवेत ढकलण्याहून हे वेगळे कसे? जत्रेची वर्गणी वेळेवर आणि पाणीपट्टी वर्षानुवर्षे थकलेली, यालाही सरकार जबाबदार नाही.

चौथा आक्षेप या भागातल्या माणसाच्या तोंडी असणारच: तारापूरच्या कारखान्यांचे काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होते. रसायने उकळून जात नाहीत आणि टीसीएलने मरत नाहीत. म्हणून खाडीलगतच्या विहिरी-कूपनलिकांचे पाणी प्रयोगशाळेतच तपासले पाहिजे, आणि दोषी उद्योगांना सूट देता कामा नये. इथल्या मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली तेव्हा तिथे संतापाचे वजन झाले नाही. पाण्याचे नमुने आणि आकडे यांचे झाले. ज्या गावाकडे स्वतःच्या पाण्याच्या दहा वर्षांच्या नोंदी असतील, त्याला कोणताही कारखाना आणि कोणताही अधिकारी खोटे पाडू शकणार नाही.

सगळ्यांत मोठा प्रश्न नीतीचा आहे. ज्याला परवडते तो जार आणतो, आरओ बसवतो आणि सार्वजनिक नळाची चिंता सोडतो. मागे उरतात मासे निवडणाऱ्या बाया, बोटीवर पिंपातले पाणी नेणारा खलाशी, पाड्यावरचे वारली-कातकरी कुटुंब. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याली, तेव्हा सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानणारे ते लोक त्याच पाण्यात शेण आणि गोमूत्र मिसळत होते. महाडचा लढा माणुसकीच्या समान हक्काचा होता. सार्वजनिक पाणी सर्वांना सारखेच सुरक्षित मिळणे हा त्याच हक्काचा भाग आहे. आपापल्या घरापुरते शुद्ध पाणी विकत घेऊन गावचा नळ वाऱ्यावर सोडणे ही त्या हक्काशी प्रतारणा आहे.

पाणी भरते बाई, साठवते बाई, आजाऱ्याची उस्तवार करतेही बाईच. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात आणि प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण मिळावे, असे धोरण आहे. त्यांची केवळ सही घेऊन काम नवऱ्याने करायचे असेल, तर ते धोरण पाळले असे म्हणता येणार नाही. चाचणीची पेटी त्यांच्या हातात द्या आणि निकाल त्यांच्याच तोंडून ग्रामसभेत ऐका.

येत्या ग्रामसभेत प्रत्येकाने उभे राहून चार प्रश्न विचारावेत. शेवटच्या घराच्या नळाला आज क्लोरीन किती आहे? टाकी कोणत्या तारखेला धुतली? टीसीएलचे पोते केव्हा आले आणि ते कसे ठेवले आहे? प्रयोगशाळेचा मागचा अहवाल काय सांगतो? उत्तरे तोंडी नकोत, पंचायतीच्या फलकावर दर आठवड्याला लिहिलेली हवीत. आणि हे विचारायला उठण्यापूर्वी आपल्या नळाची मोटर काढावी, थकलेली पाणीपट्टी भरावी. तेवढे केले की ते प्रश्न टाळण्याची हिंमत कोणाला होणार नाही.