न बदललेला तुकडा

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी झालं. लँडसॅट-८ हा उपग्रह एका जागेवरून दर सोळा दिवसांनी जातो. त्याच्या २५ मे आणि १० जूनच्या चित्रांत हा पालट दिसतो. डोळ्यांना तो लगेच कळतो. पायथॉनच्या प्रोग्रामला तो कसा कळावा?

संगणकाला चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, साधारणपणे ० ते २५५ मधले. एका तक्त्यातून दुसरा वजा केला की काम झालं, असं वाटतं. पण वजाबाकीत जवळजवळ प्रत्येक ठिपका थोडाफार बदललेला निघतो, कारण मधल्या दिवसांत धूळ आणि हवेतला दमटपणा, आणि त्यामुळे उजेडही, बदललेला असतो. शिवाय उपग्रहाचं एक चित्र सुमारे १८५ किलोमीटर रुंद असतं. तीस मीटरचा एक ठिपका धरला, तर सुमारे सव्वा किलोमीटर व्यासाच्या सरोवराच्या वाट्याला जेमतेम बारा-तेराशे ठिपके येतात. कोट्यवधी ठिपक्यांच्या सरासरीत ते बुडून जातात. म्हणून सरोवराचा तुकडा कापून वेगळा घ्यायचा.

आता समजा, त्या तुकड्यात लाल रंगाची सरासरी ३५ ने वाढली. ही वाढ पाण्याची की उजेडाची? एकटा तो तुकडा हे सांगूच शकत नाही. माझ्या मते या कामाचं मर्म इथे आहे: बदल मोजायचा तर जिथे बदल व्हायला नको अशी जागाही मोजावी लागते. सरोवर ज्या विवरात आहे त्याच्या काठावरच्या लोणार गावातली दाट वस्ती सोळा दिवसांत रंग पालटत नाही. तिथेही लाल १० ने वाढला असेल, तर ते १० उजेडाचे आणि उरलेले २५ पाण्याचे, असं ढोबळमानाने धरता येतं. (उजेड गडद आणि फिकट जागांवर सारखा परिणाम करत नाही, तेव्हा एक गडद आणि एक फिकट असे दोन तुकडे घेणं अधिक बरं.)

हा स्थिर तुकडा आणखीही सांगतो. किती फरकाला बदल म्हणायचं, यासाठी अनेक जण ३० सारखा एखादा आकडा अंदाजाने ठोकून देतात. स्थिर तुकड्यातले फरक किती विखुरले आहेत ते पाहिलं, तर ती मर्यादा चित्रातूनच मिळते. आणि तिथल्या कडांवर फरकाच्या बारीक रेघा उमटल्या, तर चित्रं एकमेकांवर नीट बसलेली नाहीत. आधी ती जुळवायची.

चित्र करडं करून तुलना करण्याची सवय मात्र इथे घात करते. नेहमीच्या सूत्राने लाल ९०, हिरवा १२०, निळा ९० असलेला हिरवट ठिपका १०८ होतो. लाल १४०, हिरवा ९५, निळा ९० असलेला गुलाबीही १०८ च. फरक शून्य! रंग वेगवेगळे ठेवूनच वजाबाकी करावी, तीही ऋण आकडे सांभाळणाऱ्या प्रकारात. नाहीतर नमपाय या पायथॉनच्या लायब्ररीत आठ बिटांच्या आकड्यांत १०० वजा १२० चं उत्तर २३६ येतं.

असा प्रोग्राम लिहायला घ्याल, तेव्हा स्थिर तुकड्याचे कोपरे आधी ठरवा, सरोवराचे नंतर.