उरलेल्या तुकड्याचे देणे

बुऱ्हाणपुरात लालबाग म्हटले की आज बहुतेकांना रेल्वे स्टेशनकडची वस्ती आठवते. बाग मोगलांच्या काळातली. जवळच कुंडी भंडारा आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत, १६१५ साली, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत धरून शहरापर्यंत आणण्याची ही योजना झाली. वर शंभराच्या आसपास कुंड्यांची रांग दिसते. नवख्या माणसाला त्या सुट्या सुट्या विहिरी वाटतात. खालून वाहणारे पाणी मात्र एकच असते.

रानाच्या तुकड्यांविषयी विचार करताना या कुंड्या आम्हांला उपयोगी पडतात. निमाड-खानदेशात केळी आणि कपाशीच्या शेतांमधून नाल्याच्या काठी, टेकाडावर, जुन्या कबरींभोवती अर्धा एकर, दोन एकर झाडी राहिलेली असते. कोठे अंजन, कोठे सालई, धावडा, पळस, मोह. खाली शतावरी, गुळवेल, पावसाळ्यात कळलावी. असा तुकडा साफ करताना कोणाचेही मन खात नाही. “रान तर केव्हाच गेले, या अर्ध्या एकरात काय ठेवले आहे?” असे विचारले जाते. हे विचारणे रास्त आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जागा लहान तितक्या जाती कमी, हे खरे. जागा दहाव्या हिश्शावर आली की जाती साधारण निम्म्या उरतात, असा एक ढोबळ ठोकताळा वनस्पतिशास्त्रात आहे. पण त्याची दुसरी बाजू पाहावी. नव्वद टक्के जमीन गेल्यावरही निम्म्या जाती तग धरू शकतात, त्या याच तुकड्यांत. शिवाय एका तुकड्यात असते ते शेजारच्या तुकड्यात असतेच असे नाही. एक मोठे राखीव रान बरे की अनेक लहान, हा वाद १९७५-७६ पासून शास्त्रज्ञांत चालू आहे. २०१७ साली लेनोर फारिग या कॅनडातील संशोधिकेने बरेच अभ्यास एकत्र करून दाखवले की रानाचे एकूण क्षेत्र तेवढेच असेल तर केवळ तुकडे झाल्यामुळे होणारे परिणाम पुष्कळदा अपायकारक नसतात. पुढच्याच वर्षी इतरांनी त्याला जोरदार हरकत घेतली.

येथे सावध राहावे लागते. तुकड्यांतही जाती राहतात असे कळले की मोठे रान तोडणाऱ्याला निमित्त सापडते. २०२२-२३ मध्ये याच जिल्ह्यात नेपानगरच्या बाजूला वनतोड झाली. त्या रानाची भरपाई लालबागेतल्या एका कोपऱ्याने होणार नाही. तुकड्याची बाजू घेणे म्हणजे तुकडे करण्याची बाजू घेणे नव्हे. फारिगबाईंचे म्हणणेही ‘क्षेत्र तेवढेच असेल तर’ या अटीवर उभे आहे, आणि कुऱ्हाड घेऊन येणारा ती अट सोयीस्करपणे विसरतो.

दुसरी गोष्ट आम्हांला अधिक अस्वस्थ करते. १९९४ साली डेव्हिड टिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. तिला मराठीत ‘नामशेष होण्याचे ऋण’ म्हणता येईल. रान तुटले त्या दिवशी सगळ्या जाती मरत नाहीत. म्हातारा मोह उभा असतो, दर उन्हाळ्यात फुलतो. पण खाली पोर नाही. फुले वेचण्यासाठी पाचोळा जाळलेला, बी तेलासाठी गोळा केलेले, उगवलेले शेळीने खाल्लेले. आपण वर पाहतो आणि म्हणतो, झाड आहे. हिशेब पन्नास वर्षांनी येतो, आणि तो ज्यांनी काही तोडले नाही त्यांच्या दारी येतो. म्हणून तुकडा जिवंत आहे की नाही हे पाहायचे तर मान खाली घालून रोपे मोजावीत. अंजनाची चपटी शेंग वाऱ्यावर थोडी दूर जाते. मोहाचे फळ वटवाघूळ नेते. जवळपास दुसरा तुकडा असला तरच त्या प्रवासाला अर्थ आहे. येथे कुंड्यांसारखी जोडणी जमिनीखाली नाही, हवेत आहे.

आपल्या मंडळ्यांकडेही असे तुकडे आहेत: कबरस्थाने. अमेरिकेत इलिनॉय राज्यात सुमारे सव्वादोन कोटी एकर गवताळ रान होते. आज त्याचा हजारावा हिस्सादेखील चांगल्या स्थितीत उरलेला नाही. जे उरले त्यातले काही जुन्या वसाहतकरांच्या कबरस्थानांत आहे, कारण तेथे नांगर चालला नाही. लोडा गावचे कबरस्थानालगतचे रान जेमतेम साडेतीन एकर आहे, तरी ते राखीव केलेले आहे. महाराष्ट्रात वर्तक आणि गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांची पाहणी केली, तेव्हा तेथेही धाकामुळे राखलेल्या लहान जागांत मोठ्या रानातून गेलेली झाडे आढळली.

आमच्याकडे मात्र कबरस्थान स्वच्छ म्हणजे जमीन उघडी, अशी समजूत आहे. शेतात पिकाच्या आड येते त्याला तण म्हणतात. कबरस्थानात कोणत्या पिकाच्या आड येते, हे कमिटीने सांगावे. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेआधी गवत कापले तर फारसे बिघडत नाही, तोवर बी पडून गेलेले असते. बिघडते ते भाद्रपदात कापल्याने, आणि पेटवून दिल्याने. साप निघतात ही तक्रार खरी आहे. वाटा आणि कबरींमधली जागा मोकळी ठेवून कुंपणालगतची दहा फुटांची पट्टी कार्तिकापर्यंत तशीच राहू देता येईल. गाजरगवत आणि घाणेरी मात्र फुलण्यापूर्वी हाताने मुळासकट काढावी लागेल, आणि ते काम एका रविवारात होणारे नाही.