मुरमातलं अंगण

सांगोल्याकडच्या माळावर एका निवृत्त गुरुजींनी घर बांधलं. वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. खाली मुरूम आणि त्यात चुनखड. गुरुजींच्या मनात मात्र हिरवळ आणि गुलाबाचे ताटवे. त्यांनी ट्रॉलीनं काळी माती आणवली आणि मुरमावर अर्धा फूट पसरली.

पावसाळा बरा गेला. पुढं गुलाबाची पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. गुरुजींनी खत वाढवलं, बोअरचं पाणी वाढवलं. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. आणि बोअरचं पाणी तोच चुना वरून ओतत होतं. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली. उपटलेल्या रोपांची मुळं मुरमाला टेकून आडवी पसरलेली निघाली.

शेजारच्या आक्का शेळ्या घेऊन जाताना थांबल्या. "गुरुजी, वरनं माती घातली म्हणून खालची जात न्हाई. वळीव येऊ द्या. पाणी कुठनं येतंय, कुठं जातंय, तेवढं उभं राहून बघा."

जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेला हा माणूस खरोखरच वळवात छत्री घेऊन अंगणात उभा राहिला, याचं मला फार कौतुक वाटतं. छपराचं सगळं पाणी कोपऱ्यातून रस्त्यावर पळत होतं. गुरुजींनी उताराला आडवा ताल घातला. पहारीनं मुरूम फोडून खड्डे घेतले, उन्हात तापू दिले. काळी माती खरवडून काढली आणि लेंडीखत, पालापाचोळ्याबरोबर त्याच मुरमात कालवून खड्डे भरले. शेवगा, सीताफळ, बोर लावली. प्रत्येक रोपाशेजारी मातीचं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. भोवतालची माती सुकेल तसं ते पाझरतं, त्यामुळं रोज पाणी घालावं लागेना. बुंध्याशी पाचट अंथरलं.

हिरवळीच्या जागी काहीच लावलं नाही. उघडा पडलेला मुरूम पाणी शिंपून चोपला. त्यावर चिखल होत नाही. लोक अंगणासाठी तो विकत आणतात.

"आन् गुलाब?" आक्कांनीच विचारलं.

गुरुजी गप्प राहिले.

"एक ठिवा की कुंडीत. सकाळचं ऊन लागंल असा. पाणी तेवढं पावसाचं घाला, बोअरचं नको."

गुरुजींनी छपराच्या पन्हाळीखाली पिंप मांडलं. नवी पालवी हिरवी आली.